अक्काच्या सायकलीला माझ्या मापाचे टायर

धुळ्याच्या त्या दुकानात मी दोन्ही अंगठे एका टायरच्या पोटात रोवून उभा होतो आणि बेधडक खोटं बोलत होतो. दुकान हायवेच्या अंगाला. बाहेर ट्रकच्या टायरांचे मनोरे, त्यांच्या आत ट्रॅक्टरचे टायर, त्यांच्या आत मोटरसायकलींचे आणि अगदी शेवटी, देवघरात देव असावेत तसे, सायकलींचे. मालक सत्तरीचे. येणारा-जाणारा त्यांना आबा म्हणत होता, म्हणून मीही म्हणालो.

“कोन चालाडनार शे?” आबांनी विचारलं.

“मीच,” मी छाती पुढे काढून म्हणालो. “सातपुड्यात जायचं असतं. ओढे, दगड, काळी माती, काटे. एकदा घराबाहेर पडलो की मी मागे वळून बघत नाही, आबा.”

आबांनी माझ्या छातीकडे पाहिलं, मग तिच्या खालच्या, जास्त पुढे आलेल्या भागाकडे पाहिलं.

“वजन?”

“नव्वद.” हे मात्र खरं सांगितलं. ते लपण्यासारखं नव्हतंच.

खरी गोष्ट अशी होती की ती सायकल चालवणार होती माझी थोरली बहीण, अक्का. वय एकसष्ट, वजन पंचेचाळीस किलो, नेसण पाचवारी, गुडघे कुरकुरणारे. सावद्याजवळच्या एका खेड्यात ती एकटी राहते आणि साडेतीन हजार खोडांची केळीची बाग सांभाळते. भाऊजी गेले त्याला बरीच वर्षं झाली; तेव्हापासून बागेची मालकीण तीच आणि राखणदारही तीच. आता हे आबांना सांगायला काय हरकत होती? पण दुकानात चार माणसं बसलेली, आणि माझी जीभ वळेना. भाऊ बहिणीला साडी नेतो, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आंबे नेतो. डोंगरात चालवायच्या इलेक्ट्रिक सायकलीचे टायर बहिणीला नेणारा भाऊ मी तरी पाहिला नव्हता. शिवाय मी जळगावच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो आणि दर वर्षी स्नेहसंमेलनाची नाटकं बसवतो. समोर चार माणसं आणि पाठीमागे टायरांची रास दिसली की माझ्या अंगात भूमिका येते. ती आली, मी केली, आणि ती पुढे अक्काच्या अंगावर उलटली. पण आधी मुळापासून सांगतो.

मागच्या पावसाळ्यात अक्का स्कूटरवरून बागेत चालली होती. घरापासून बाग दीड किलोमीटर. त्यातला शेवटचा एक किलोमीटर म्हणजे गाडवाट: दोन बाजूंना बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या, मधे गवताचा उंचवटा, कडेला बाभळी आणि वाटेत एक नाला. नाल्याच्या चढावर स्कूटर घसरली आणि अक्काच्या पायावर आडवी झाली. तिला ती उचलेना. तिचे सालदार, म्हणजे वर्षभराच्या बोलीवर बागेत काम करणारे नाना, अर्ध्या तासानं तिकडून आले तेव्हा तिची सुटका झाली. हाड मोडलं नाही. पण धुळ्याला सरकारी कचेरीत नोकरीला असलेल्या तिच्या मुलानं जी धास्ती घेतली ती काही गेली नाही.

हा माझा भाचा चांगला आहे, हीच तर अडचण होती. वाईट असता तर मी त्याला नाटकातल्या खलनायकासारखा वाजवून काढला असता. पण त्यानं धुळ्याच्या घरात आईसाठी उजेडाची खोली काढली होती, गॅलरीत तुळस लावली होती, न्हाणीघरात धरायला दांडा बसवला होता. बाग दसऱ्यापासून ठोक्यानं, म्हणजे ठरावीक रकमेच्या बोलीवर, करायला गावातला एक माणूसही त्यानं बघून ठेवला होता. आषाढात एका रविवारी तो गावी आला, मलाही त्यानं जळगावहून बोलावून घेतलं आणि ओट्यावर बसून विषय काढला.

“आई, चालून तुझे गुडघे सुजतात आणि स्कूटर तुला झेपत नाही. मग बागेत जाणार कशी?”

“जाईन.”

“पण कशी?”

“तू शिकेल माणूस हाये. तूच सांग.”

“पडलीस तेव्हा अर्धा तास गाडीखाली होतीस तू.”

“मंग? अर्धा तास आभाय पाह्यलं. एरवी कोठी सवड भेटते?”

“नाना असतात ना बागेत. ते बघतील सगळं.”

“नाना काम करतात. बाग मी पाह्यते,” अक्का म्हणाली. “कोनतं खोड वाकलं, कोनतं पान पिवळं पडलं, ठिबकची नळी उंदरानं कोठी कुरतडली, हे रोज गेल्याबिगर दिसत नई. आन् मले धुळ्याच्या खोलीत बसून काय दिसीन रे? समोरच्याची गॅलरी?”

भाच्याला पटलेलं दिसेना. मला तर बसवत नव्हतं. बायको म्हणते माझ्या तळपायांत मुंग्यांचं वारूळ आहे. मी ओट्यावरून उठलो, अंगणात गेलो, परत आलो आणि तोंड घातलं.

“माझी सायकल,” मी म्हणालो.

मी मोठ्या हौसेनं एक इलेक्ट्रिक सायकल घेतली होती. डोंगरी जातीची, पुढे धक्के खाणारा दांडा, मधला दांडा मात्र खाली उतरलेला, कारण माझा पाय आता फार वर उचलत नाही. महिनाभर मी तिच्यावरून मेहरूण तलावाला फेऱ्या मारल्या आणि मग ती भिंतीला लागली. आता माझ्या डोळ्यांपुढे पडदाच उघडला. डॉक्टरांनी अक्काला चालणं कमी करायला सांगितलं होतं, पण सायकलला त्यांची ना नव्हती. अक्का शाळेत असताना गावातली सायकल चालवणारी पहिली मुलगी होती. खालच्या दांड्यामुळे साडी आड येणार नव्हती. वजन स्कूटरच्या पावपट. पायडल मारलं की मोटर हात देते.

भाच्यानं मग कचेरीतल्या माणसाला शोभेल अशी अट घातली. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात घरोघर कानबाई देवी बसते. तिच्या प्रसादाचे रोट खायला कुळातला माणूस असेल तिथून घरी येतो; तोही येणार होता. त्या दिवशी सकाळी तो बागेच्या तोंडाशी उभा राहील. अक्कानं घरून सायकलवर निघून बागेपर्यंत यायचं. कुणी धरायचं नाही, ढकलायचं नाही, उचलायचं नाही. आली तर बाग तिची. हात लावावा लागला तर दसऱ्याला बाग ठोक्यानं आणि अक्का धुळ्याला.

“बरं,” अक्का म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

ती इतक्या शांतपणे उठली की उरलेली सगळी घालमेल माझ्या वाट्याला आली.

सायकलीला मुळात जे टायर होते ते चांगले रुंद, अंगभर बारीक बारीक दातांचे. माझं शास्त्र साधं होतं: रुंद टायर, जास्त दात, जास्त पकड. पहिल्याच पावसानंतर मी स्वतः गाडवाटेवर उतरलो. पन्नास पावलं गेलो असेन. आपली काळी माती ओली झाली की तिला माया फार. ती त्या दाटीवाटीच्या दातांत शिरली, बसली, तिच्यावर दुसरी बसली, आणि बघता बघता चाकाचं जातं झालं. माती वरच्या दांड्याला टेकली आणि सायकलीनं मधेच बसकण मारली. मी उतरलो तर चपला खालीच राहिल्या. नाना बांधावर उभे होते. त्यांनी फक्त तंबाखू मळली, आणि ती मळण्याची पद्धत अपमानास्पद होती.

मग मी जळगावात हिंडलो. मोबाइलवर परदेशी माणसांचे व्हिडिओ बघितले. ते सगळे पाइनच्या जंगलात, बाभूळ कुठेच नाही. शेवटी अगदी अरुंद, हलके टायर आणले. माती त्यांना चिकटेना, हे खरं. पण पातळ कातडीचे ते टायर बाभळीच्या काट्यांना एवढे आवडले की दोन दिवसांत सात वेळा पंक्चर झालं. सातव्या वेळी अक्कानं सायकल खांद्याशी टेकवून चालत आणली. गुडघे सुजले. तिनं त्यांना शेक दिला आणि मला म्हणाली, “बापू, तू जरा बसत जाय रे. तुह्याकडे पाह्यलं की मलेच दम लागतो.”

मी बसलो नाही. मी धुळ्याची एसटी पकडली. कुणीतरी सांगितलं होतं की तिथले एक आबा जमीन विचारून टायर देतात.

तर असा मी त्या दुकानात पोचलो होतो. आबा उठले, आतून एक जोडी काढली आणि माझ्यापुढे टाकली. अरुंद, पण दात लांब आणि एकमेकांपासून चांगले दूर. कातडी जाड, म्हशीच्या कानासारखी.

“जोडेजोडे दात र्‍हायनात का माती अडकस,” आबा म्हणाले. “दूर र्‍हायनात का चाक फिरता फिरता माती आपसूक पडी जास. आनि तुले नव्वद किलो वजन शे, म्हनून जाड कातडी लागी. हवा बी टाइट भर.”

त्यांनी दुधासारख्या औषधाची एक बाटलीही दिली. ट्यूबमध्ये ओतायची, काटा घुसला की औषध आतून भोक बुजवतं. दुकानातली चारही माणसं आता माझ्याकडे आदरानं बघत होती. एकानं विचारलं, “सातपुडामा वाघ दिसना का कधी?” मी म्हणालो, “दिसला तरी आपण थांबत नाही.” निघताना मी दोन्ही टायर गळ्यात घातले आणि सत्कार झालेल्या माणसासारखा बाहेर पडलो.

परतीच्या एसटीत मी तीनदा जागा बदलली. कंडक्टर म्हणाला, “मास्तर, एका जागी बसा, नाहीतर टायर लावा आणि गाडीच्या पुढे पळा.”

सोमवारी टायर चढवले, औषध ओतलं, हवा भरली. आमच्याकडे चांगली हवा म्हणजे टणक हवा. टायरवर बोटाची टिचकी मारली की टण् वाजलं पाहिजे. मी वाजवून पाहिलं, नानांनी वाजवून पाहिलं, शेजारच्या ट्रॅक्टरवाल्या भाऊंनी वाजवून पाहिलं. सगळ्यांच्या मते हवा झकास होती. अक्का बसली आणि निघाली. काटे टोचले, पंक्चर नाही. माती चिकटली, पडली. मी मागून चाललो होतो, जवळजवळ नाचत. पण नाल्याच्या चढावर दगड लागले आणि मागचं चाक जागच्या जागी फिरू लागलं. अक्का त्या टणक टायरांवर चाळणीतल्या दाण्यासारखी उडत होती. सायकल आडवी सरकली. तिनं वेळेवर पाय टेकला, पडली नाही, पण चढ काही चढली नाही. पाच वेळा प्रयत्न केला. पाचही वेळा तेच.

“अक्का हलक्या पडतात,” ट्रॅक्टरवाले भाऊ म्हणाले. “वजन पाह्यजे खाली.”

आता हे वाचताना तुम्हाला पुढचं सुचणार नाही, कारण तुम्ही काळ्या मातीत ट्रॅक्टर चालवत नसाल. आमच्याकडे ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात पाणी भरतात. वजन वाढतं, चाक जमीन धरतं, नुसतं जागच्या जागी फिरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या नसेल, पण ट्रॅक्टर आले तेव्हापासून तरी हे चालत आलंय. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मी भाऊंकडे पाहिलं, आणि दोघांच्याही डोक्यात एकाच क्षणी तेच पाणी शिरलं.

मंगळवारी सकाळी आम्ही ट्यूबच्या तोंडातली पिन काढली, फवारणीच्या पंपाची नळी तिथे लावली आणि दोन्ही टायरांत पाणी भरलं. दोन्ही मिळून एक कळशीभर तरी बसलं. मी इतका खूश होतो की मला हसू आवरत नव्हतं. अक्कानं हँडल धरून सायकल थोडी हलवली. आत डुचमळल्याचा आवाज आला.

“बापू, हे सायकल हाये का पखाल?”

“बस तर खरी.”

ती बसली. सपाटीवर सायकल गरोदर म्हशीच्या चालीनं चालली. नाल्यात उतरली ती मात्र सगळं वजन घेऊन धाडदिशी, आणि चढाला लागली तशी मोटर कण्हू लागली. हँडलवरचा बॅटरीचा दिवा हिरव्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा तांबडा. मधोमध मोटर बंद पडली. अक्का उतरली, पण तिला ती सायकल जागची हलवेना. मी आणि नाना चिखलात उतरलो आणि ओढू लागलो. अक्का वर रस्त्यावर जाऊन उभी राहिली. तिथे कुणीतरी मोटरसायकल थांबवून तिच्याशी दोन शब्द बोललं आणि गेलं. मला बघायला सवड नव्हती. माझा एक पाय गुडघ्यापर्यंत आत होता.

सायकल काठावर आली तेव्हा नाना तिच्याकडे बघत म्हणाले, “मास्तर, टायर कोनाच्या मापाचे आनले?”

मी टायरांतलं पाणी काढायला बसलो. रविवारच्या आधी चारच दिवस उरले होते. आबांनी मला नीट विचारलं होतं: कोण चालवणार, वजन किती. मीच त्यांना नव्वद किलोचा शूरवीर दाखवला होता. त्यांनी शूरवीराचे टायर दिले. माझ्या बहिणीला तिच्या बागेपासून तोडायला भाचा लागत नव्हता. मी पुरेसा होतो.

बुधवारी पुन्हा एसटी, पुन्हा धुळं. दुकानात तीच चार माणसं. मी टायर काउंटरवर ठेवले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बहीण, वय, वजन, साडी, नाला, अट. पाण्याचंही सांगितलं. ते सांगताना मी हातवारे करून गंमत आणायचा प्रयत्न केला, पण कुणी हसलं नाही. आबांनी चष्मा काढला.

“पानी? सायकलना टायरमा?”

“हो.”

“आनि हाई बठ्ठं पहिले काबर नही सांगं?”

“लाज वाटली, आबा.”

“बहीन वावरमा जास, कष्ट करस. तेन्हामा लाज कसानी?” आबा म्हणाले. मग कोपऱ्यातल्या, वाघाबद्दल विचारणाऱ्या माणसाकडे वळून म्हणाले, “ऊठ रे, त्या भाऊले बसाले जागा दे. उभा राहीसन खोटंच बोलस तो.”

आता मात्र सगळे हसले. मी बसलो.

आबांनी दुसरी जोडी काढली. दात तसेच लांब, तसेच दूर, पण अंग मऊ. हातात धरून दाबलं तर दबणारं. काट्यासाठी फक्त मधल्या पट्ट्यात जाड थर. मग त्यांनी एक टायर दुकानातल्या सुट्या चाकावर चढवला, पंप मागवला, माझ्यादेखत हवा भरली आणि मला अंगठा लावायला सांगितलं. मी टिचकी मारायला बोट उचललं. आबांनी ते धरून खाली ठेवलं.

“वाजाडू नको, दाब.”

दाबला तर अंगठा आत गेला. मी म्हणालो, “आबा, ही तर हवा गेलेली आहे.”

“पंचेचाळीस किलोले हाईच हवा. टायर दबना पाह्यजे, दगडले मिठी मारना पाह्यजे. टाइट टायर दगडवर नाचस.”

गुरुवारी ते टायर चढवले. ट्रॅक्टरवाले भाऊ टिचकी मारायला आले, टायर वाजला नाही, ते वाईट चेहरा करून गेले. शुक्रवारी अक्का नाला चढली. शनिवारी दोनदा चढली. ऊन होतं, वाट सुकत आलेली, तिच्या कॅरिअरला पिशवी आणि चेहऱ्यावर काहीही विशेष नाही. मी जळगावला बायकोला फोन करून सांगितलं की टायर या विषयावर मी आता व्याख्यान देऊ शकतो. ती म्हणाली, “मला नको देऊ.”

रविवारी पहाटे पाऊस झाला.

भरपूर झाला, आणि सकाळी निर्लज्जासारखा थांबून ऊन पडलं. अशा वेळी काळी माती सगळ्यात वाईट असते. धो धो पावसात ती निदान पातळ होते. पाऊस थांबला की कणकेसारखी होते. घरात कानबाईची गडबड चाललेली. रोट कुळातल्यांनीच खायचे, त्यामुळे माहेरचा माणूस म्हणून मला त्यातला घास मिळणार नव्हता, पण दळण उचलायला मात्र मी चालत होतो. भाचा शुभ्र कुर्ता घालून दारात उभा राहून वाटेकडे बघत होता.

“आई, आज राहू दे,” तो खरंच कळवळून म्हणाला. “चिखल झालाय. आजचं धरायचं नाही. पुन्हा कधी बघू.”

“पुन्हा चिखल नसीन का?” अक्का म्हणाली.

भाच्याबरोबर धुळ्याहून आलेल्या सुनेनं पुरणाची पातेली स्वतःकडे ओढली. “आई, हे मी बघते. तुम्ही या जाऊन.”

भाचा आणि मी पुढे चालत निघालो. बागेच्या तोंडाशी पोचेपर्यंत माझ्या पायांना दोन-दोन किलो माती लागली होती. तिथून नाल्यापर्यंतची वाट सरळ दिसते. आम्ही उभे राहिलो. मी दहा वेळा टाचा उचलल्या. भाच्यानं दोनदा घड्याळ पाहिलं.

मग नाल्याच्या वर आधी अक्काचं डोकं दिसलं, मग हँडल. चढ ती चढून आली होती. मी हवेत मूठ उगारणार, तोच सायकल मंदावली. दूर दूर दात असूनही ती कणीक चाकांत भरत चालली होती. अक्कानं चाक अडायच्या आधीच पाय टेकला. उतरली. आमच्यापासून शंभर पावलांवर, भर चिखलात.

“मामा,” भाचा म्हणाला, “अडकली.”

“थांब.”

“पडेल ती.” आणि त्यानं पाऊल टाकलं. मी त्याचं मनगट धरलं. आयुष्यात मी कुणाला जागच्या जागी उभं केलं असेल तर तेवढंच. माझे स्वतःचे पाय धरायला मात्र कुणी नव्हतं. ते चिखलात रुतले होते म्हणून राहिले.

अक्कानं आमच्याकडे पाहिलंही नाही. सायकल तिनं कलती करून बांधाच्या गवतावर निजवली. कॅरिअरच्या पिशवीतून विळा काढला. मग बांधावर बसली, गुडघा सांभाळत, एक पाय लांब करून, आणि विळ्याच्या पाठीनं चाक खरवडायला लागली. पुढचं चाक, मग दांड्याच्या आतली माती, मग मागचं. चाक हातानं फिरवायचं, थोडं खरवडायचं, परत फिरवायचं. वखर चालवणारा माणूस ओळीच्या टोकाला बैल थांबवतो आणि पात्याला लागलेली माती काडीनं काढतो, तसंच. त्यात कुणाला वाईट वाटत नाही की वखर अडला. प्रत्येक फेरीला तो अडतोच, आणि प्रत्येक फेरीला माती काढायचीच असते. मी महिनाभर असा टायर शोधत फिरलो होतो ज्याला मातीच लागणार नाही.

“किती वेळ लावते,” भाचा पुटपुटला.

“तिला घाई नाहीये,” मी म्हणालो.

पाच मिनिटं झाली असतील, सात झाली असतील. अक्का उठली. सायकल उभी केली. चाकोरीत परत उतरली नाही. मधल्या उंचवट्यावरच्या गवतावर चाकं ठेवली. मऊ टायर गवतावर दबले, पसरले, आणि ती निघाली, हळू, पण न थांबता. शेवटच्या टप्प्यात मागचं चाक जरासं सरकलं. भाच्याचं मनगट माझ्या हातात आवळलं गेलं. चाकानं काहीतरी धरलं आणि सायकल सरळ झाली. अक्का आमच्या पुढ्यात येऊन थांबली, पाय टेकला आणि पदरानं कपाळ पुसलं.

भाच्याचा शुभ्र कुर्ता गुडघ्यापर्यंत काळा झाला होता आणि त्याचे डोळे भरले होते. पण तो कचेरीतला माणूस. तो कामाचंच बोलला.

“दसऱ्याला बाग घ्यायला येणार होते, त्यांना मी आजच फोन करून नाही म्हणून सांगतो.”

अक्का केळीच्या वाळक्या पानाला विळा पुसत होती. “त्यायले मी मंगळवारीच सांगितलं.”

“मंगळवारी?” मी म्हणालो. “मंगळवारी तर सायकल नाल्यात होती.”

“हो. तू आन् नाना ओढू राह्यले व्हते. तवाच ते मोटरसायकलवरून चालले व्हते. म्हटलं, भेटले तं सांगून टाकू.”

भाच्यानं विचारलं, “मग आई, आजचं हे कशासाठी केलंस?”

“तुले पाह्यचं व्हतं नं,” अक्का म्हणाली.

ती बागेत शिरली. पहिल्या चार ओळी बघितल्या, नानांना हाक मारून वाकलेल्या एका खोडाला बांबू लावायला सांगितला आणि परत आली. रोट निवतील म्हणाली आणि सायकलवर बसली. भाचा आणि मी चपला हातात घेऊन मागून निघालो. दर दहा पावलांना आम्ही थांबत होतो, पाय उचलून माती झटकत होतो, पुन्हा चालत होतो. पुढे नाल्यापाशी अक्का उतरलेली दिसली. ती आमच्यासाठी थांबली असं वाटून भाच्यानं पावलं उचलली. पण ती चाकं खरवडत होती, आणि आम्ही तिथे पोचायच्या आत ती पलीकडे चढून निघूनही गेली होती.